नवी जोडी पुढे

४ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार,

पत्र बघून दचकू नका, आई बरी आहे. काम माझंच आहे. तुम्ही आधी हसाल, मग चिडाल. दोन्ही उरकून घ्या आणि मग उत्तर लिहा. मला गाडी घ्यायची आहे. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी, जुनी, स्वस्त, आणि रेसच्या ट्रॅकवर दिवसभर फिरवता येईल अशी.

वेड लागलेलं नाही. शहराबाहेरच्या ट्रॅकवर महिन्यातून दोनदा 'ट्रॅक-डे' असतो. फी भरायची, हेल्मेट घालायचं, आपली गाडी आपण चालवायची. शर्यत नसते. हवा असेल तर शेजारी शिकवणारा बसतो. एका कोपऱ्यात गुळगुळीत डांबरावर पाणी सोडून ठेवतात, तिथे गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकवतात. मला फक्त तो कोपरा हवा आहे.

जे आईला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. अपघाताला पाच महिने झाले. चौकशीच्या कागदावर 'चालकाची चूक सिद्ध होत नाही' असं लिहिलंय. सिद्ध होत नाही म्हणजे काय हो? 'चूक नाही' असं सरळ का नाही लिहिलं? ओल्या वळणावर माझ्या ॲम्ब्युलन्सचा मागचा भाग सुटला आणि मला सावरता आला नाही. पेशंट पट्ट्यांनी बांधलेला होता, त्याला खरचटलंही नाही. त्याची सलाईन धरून उभ्या असलेल्या सिस्टर लोखंडी कपाटावर आदळल्या आणि त्यांचा मणका गेला. नऊ वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो, मी पुढे, त्या मागे.

जानेवारीत खात्याने माझी पुन्हा परीक्षा घेतली. ओल्या जमिनीवर परीक्षकांनी व्हॅनची मागची बाजू घसरवली आणि 'सावरा' म्हणाले. मामा, मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईने! व्हॅन त्यांनीच थांबवली. मग पाण्याची बाटली दिली.

आता शेवटची संधी २८ मेला आहे. नापास झाले तर कायमची स्टोअरमध्ये. सध्या तिथेच आहे, ब्लँकेटं मोजते आणि सिलिंडरला चिठ्ठ्या बांधते. बाहेर सायरन वाजला की माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जातो. हे असं आयुष्यभर मला जमणार नाही. मला ते घसरणं इतक्या वेळा अनुभवायचंय की त्याची भीती झिजून जावी.

चार पगारांएवढे पैसे बाजूला आहेत. गाडी, दुरुस्ती, फी, सगळं त्यात बसवायचंय. चाळीस वर्षं गाड्यांखाली काढलीत तुम्ही, तुमच्याइतकं कोण सांगणार? आणि आणखी एक सांगा. मला चालवायला तुम्ही शिकवलंत. वेग जास्त नव्हता, वळण रोजचं होतं. मी नेमकं काय चुकले?

फोन करणार होते. पण तुम्ही नुसतं ऐकणार आणि मी नुसती रडणार, म्हणून लिहिलं.

तुमची,
ठकी

११ फेब्रुवारी

ठके, आशीर्वाद घे आणि पुढचं नीट वाच.

हसलो. डॉक्टरांनी घसा काढून मानेला भोक ठेवल्यापासून हसलं की शिट्टी वाजते, शेजारच्या बाई कुकर समजून उठतात. मग चिडलो. मग पत्र पुन्हा वाचलं आणि चिडायचं राहून गेलं.

आता गाडीचं. तुझ्या पैशांत तीन प्रकारच्या गाड्या तुझ्यासमोर येतील. पहिली दोन सीटची, कापडी टपाची. बघताक्षणी प्रेमात पडावं अशी, आणि ट्रॅकवर जाणारे सगळे हौशी लोक पडलेलेच आहेत, म्हणून तिचा भाव आभाळाला भिडलाय. हलकी आहे, वळायला गुणी आहे. पण तुझ्या पैशांत जी मिळेल तिचा दाराखालचा पत्रा कुजलेला असणार आणि वरून रंगरंगोटी. शिवाय उलटली तर डोक्यावर काय, तर कापड! माझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?

दुसरी मोठी, सहा सिलिंडरची, एके काळी साहेबलोक वापरायचे ती. आता कवडीमोलाने मिळते आणि का मिळते ते विकणारा सांगत नाही. इंजिन थंड ठेवणारी सगळी व्यवस्था प्लास्टिकची. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला वाफ सोडते. पार्टांचे भाव ऐकून तुला खुर्ची लागेल. तुझे चार पगार ती महिन्याभरात गिळून ढेकर देईल.

तिसरी चौकोनी, चार दारांची, दिसायला अगदी रटाळ. ड्रायव्हिंग स्कूलवाले आणि टॅक्सीवाले वापरायचे. इंजिन पुढे, ढकलतात मागची चाकं, ताकद बेताची. तिच्याकडे कोणी वळून बघत नाही म्हणून स्वस्त. आणि तिच्यात घसरण आपोआप सावरणारं यंत्र नाही. नव्या गाड्यांत ते असतं, तुला कळायच्या आत गाडी सरळ करतं, मग तू काय शिकणार कप्पाळ? तुझ्या जुन्या ॲम्ब्युलन्समध्येही ते नव्हतं. तिसरीच घे.

बघायला जाशील तेव्हा हे कर. फडक्यात लोहचुंबक गुंडाळून ने आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरव. चिकटला नाही तिथे पत्रा नाही, नुसती पुट्टी भरलेली आहे. इंजिन गार असताना चालू करायला सांग, मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतोय. वेगात असताना पाय उचल आणि मागून घुं घुं येतंय का ऐक, येत असेल तर मागची चाकं फिरवणारा गिअर झिजलेला. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघ. सीटखाली हात घालून ओल बघ. गिअर दोन नंबरला घालताना करकर आली तर भावात कापून घे.

शेवटी जे विचारलंस त्याचं काय सांगू? मी तिथे नव्हतो. वळण ओलं होतं. त्यावर डोकं शिणवत बसू नकोस.

मामा

२६ फेब्रुवारी

ती. मामा,

तीन गाड्या बघितल्या. पहिल्या मालकाने माझ्या हातातला लोहचुंबक बघितला आणि त्याचा चेहराच पडला. दाराखाली चुंबक इतक्या वेळा खाली पडला की शेवटी तोच उचलून माझ्या हातात द्यायला लागला. दुसरीचं इंजिन मी जायच्या आधीच गरम होतं. मालक म्हणाला, 'ऊन आहे ना.' गाडी तळघरात उभी होती, मामा.

तिसरी एका निवृत्त ड्रायव्हिंग मास्तरांची आहे. पिवळट पांढरी, शेजारच्या सीटसमोरही ब्रेकचं पेडल. अठरा वर्षं लोकांना शिकवलं तिच्यावर. पत्रा चांगला आहे, मागून आवाज नाही, दोन नंबरला थोडी करकर आहे. वेगात असताना त्यांना पाय उचलायला सांगून मी कान लावला तेव्हा मास्तर म्हणाले, 'हे कुणी शिकवलं?' मी सांगितलं, माझ्या मामांनी. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

गाडी मी चालवली नाही. मास्तरांनी चालवली, मी शेजारी बसले. मला अजून रस्त्यावर हात थरथरल्याशिवाय चालवता येत नाही आणि हे मी त्यांना सांगू शकले नाही. म्हटलं, मनगट दुखतंय.

येताना सिस्टरच्या गल्लीत गेले. त्या आता पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकतात, असं त्यांच्या वहिनी म्हणाल्या. मी फाटकापाशी उभी होते. वहिनी 'आत या' म्हणाल्या आणि मी 'नंतर येते' म्हणून पळ काढला. काय तोंड घेऊन जाऊ? परीक्षा पास झाले तर निदान त्यांना म्हणता येईल की जे तेव्हा जमलं नाही ते मी शिकले. रिकाम्या हाताने कशी जाऊ?

मामा, स्पष्ट विचारते. मी काय चुकले ते तुम्ही सांगत नाही, कारण सांगितलं तर मी मोडून पडेन असं तुम्हाला वाटतं. ब्रेक दाबला मी? नको तिथे पाय उचलला? मी मोडलेलीच आहे, आणखी काय मोडणार? मला चूक सांगा म्हणजे ती दुरुस्त करता येईल.

ठकी

५ मार्च

ठके,

मास्तरांची गाडी घे. अठरा वर्षं ज्या गाडीने शिकाऊ लोकांचे धक्के खाल्ले तिचा क्लच दोनदा तरी बदललेला असणार, पावत्या माग. शेजारचं ब्रेकचं पेडल काढू नकोस, ट्रॅकवर शिकवणाऱ्याला उपयोगी पडेल. करकरीपायी भावात काप, पण फार ताणू नकोस, म्हातारा भला दिसतोय.

तुझी चूक होती असं मी कधी म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. सिस्टरकडे जाऊन ये. रिकाम्या हाताने गेलीस तरी चालेल.

माझी तब्येत बरी. तुमच्या खात्याच्या वर्कशॉपमध्ये अजूनही आठवड्यातून दोन दिवस जातो, पाटीवर लिहून लिहून खडू संपतात. सगळे मलाच विचारतात, अजून.

मामा

२१ मार्च

ती. मामा,

गाडी घेतली! मास्तरांनी किल्ली देताना डोळे पुसले, मग मीही पुसले, आणि लोक बघायला लागले.

क्लचच्या पावत्या मिळाल्या, दोन नाही, तीन. ब्रेकचं तेल बदललं. हेल्मेट स्टोअरमधल्या एकाने उसनं दिलंय, डोक्यात घातलं की त्याच्या तेलाचा वास येतो. घरापासून बाजारापर्यंत रोज पहाटे रस्ते रिकामे असताना चालवते. परवा पहिल्यांदा परत आले तेव्हा हात कोरडे होते.

टायरबद्दल तुमच्या यादीत काहीच नव्हतं, म्हणून मीच बघितलं. दोन बरेच झिजलेले होते, दोन ठीक. चारही बदलायला पैसे नाहीत, म्हणून एकच नवी जोडी घेतली आणि बसवली पुढे. दुकानदार मागे बसवायला निघाला होता. मी म्हटलं, अहो, माझ्या मामांनी मला सोळाव्या वर्षापासून घोकून घेतलंय, वळतात पुढची, थांबवतात पुढची, म्हणून नवी जोडी पुढे. त्याने खांदे उडवले आणि माझं ऐकलं. ठीक असलेली जोडी मागे टाकली, तिच्या खाचांची खोली नियमात बसते.

४ एप्रिलचा ट्रॅक-डे ठरवलाय. ओल्या कोपऱ्यात चार तास मिळणार आहेत. त्या दिवसाशिवाय डोक्यात दुसरं काही नाही.

ठकी

२७ मार्च

ठके,

४ तारखेला जाऊ नकोस. पुढच्या खेपेला जा. ब्रेकचं तेल नवं आहे, ते आठवडाभर मुरू दे. गाडीची तुला सवय नाही. सोडून दे ती ट्रॅकची पावती, फी मी भरतो. महिनाभर गावातच चालव. मला विचारल्याशिवाय ओल्या जागेवर जायचं नाही, एवढं माझं ऐक. कारण विचारू नकोस.

मामा

३० मार्च

मामा,

ब्रेकचं तेल मुरत नसतं. हे मला तुम्हीच शिकवलंय.

माझ्या हातांवर तुमचा विश्वास उरलेला नाही, एवढं लिहिलं असतंत तरी कळलं असतं. परीक्षेला आठ आठवडे आहेत, ट्रॅकचे दिवस चारच. त्यातला एक तुमच्या भीतीपायी सोडू? मी जाणार.

ठकी

५ एप्रिल

मामा,

जाऊन आले. जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण आजवर तुम्ही माझं कसलंही लिहिणं बोलणं नीट ऐकलंत, हेही ऐकावं लागेल.

सकाळी दोन तासांत मी अकरा वेळा गोल फिरले. ताशी तीसच्या वेगाने! मागची बाजू बोट लावल्यासारखी सुटायची आणि मी हात फिरवायच्या आत गाडीचं तोंड उलट दिशेला. पहिल्या पाच वेळा मी पुन्हा तोंड झाकलं. शेजारी ट्रॅकवरचे सर बसले होते, साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी माझं मनगट धरून स्टिअरिंगवर ठेवलं. मग मी झाकलं नाही. डोळे उघडे ठेवून फिरले. सहा वेळा. अकराव्या खेपेला गाडी पाण्यातून बाहेर जाऊन खडीत रुतली आणि मी हेल्मेटच्या आत ओरडून रडले. सरांना म्हटलं, माझे हातच खराब आहेत, माझ्यामुळे एक बाई चालू शकत नाही, मला घरी जाऊ द्या.

ते खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरांवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, 'बाई, तुमचे हात उशिरा येतायत हे खरं, पण इथे कुणाचेही वेळेवर पोचले नसते. तुमची गाडी उलटी बांधलीय.'

त्यांनी जॅक आणला आणि अर्ध्या तासात नवी जोडी मागे टाकली, मागची पुढे. दुसरं काहीही बदललं नाही. तेच पाणी, तोच वेग, तीच मी. मामा, गाडी सुटेचना. मुद्दाम सोडवावी लागली. आणि सुटली तेव्हा हळूहळू सुटली, मला कळेल अशी, आणि मी पकडली. वीस वेळा पकडली. ते म्हणाले, पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की ऐकते. मागचं घसरलं तर गाडी फिरते, आणि फिरायला लागली की फार थोडे लोक ती परत आणतात. म्हणून चांगली जोडी कायम मागे. म्हणाले, हे टायर बनवणारे लोक कित्येक वर्षं लिहून देतायत, पण जुने मिस्त्री ऐकत नाहीत.

जुने मिस्त्री.

मी पत्रात टायरचं लिहिल्यावर आठवड्याच्या आत तुम्ही 'जाऊ नकोस' लिहिलंत. तुमच्या यादीत लोहचुंबक होता, सीटखालची ओल होती, टायर नव्हते. चाळीस वर्षांच्या मिस्त्रीने टायर विसरावेत?

माझ्या ॲम्ब्युलन्सला नवी जोडी कधी बसवली होती, आणि कुठे?

ठकी

२४ एप्रिल

मामा,

एकोणीस दिवस झाले. आईकडून कळलं की तुम्ही हिंडता फिरता आहात, म्हणजे हात चालतो. लिहा.

१ मे

ठके,

अपघाताच्या आधी चार दिवस. पुढे. मी.

स्टोअरला दोनच टायर आले होते आणि मागणी तीन गाड्यांची होती. मी म्हटलं, ठकीच्या गाडीला द्या. पाटीवर लिहिलं, 'नवी जोडी पुढे', आणि खाली दोनदा रेघ मारली. माझ्या भाचीची गाडी, तिला सगळ्यात चांगलं मिळावं. घरी येताना मी खूश होतो.

अपघातानंतर दुसऱ्या दिवशी यार्डात गेलो. तुझी गाडी तिथे आणून ठेवली होती. मागच्या टायरांवर हात ठेवला. नियमात बसत होते, पण गुळगुळीतकडे झुकलेले. पुढचे खरखरीत, कोरे. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टायर कंपनीचा एक कागद सहा वर्षं पडून होता, त्यावर मी चहाचा कप ठेवायचो. त्या दिवशी तो वाचला. सरांनी तुला सांगितलं तेच त्यात होतं, चित्रासकट.

चौकशीवाल्यांनी मला एकच विचारलं, टायर नियमात होते का? मी पाटीवर 'हो' लिहिलं. बोलता येत असतं तर पुढचं आपोआप तोंडून निघालं असतं असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. हातात खडू होता. पाटीवर भरपूर जागा होती. मी भ्यालो. चाळीस वर्षं लोक मला विचारत आले आणि मी सांगत आलो, तेवढं एकच माझ्याजवळ आहे. आवाज गेला, तुझी मामी गेली, तेवढं राहिलं होतं. ते सोडवेना.

तू लिहीत होतीस की मी काय चुकले, आणि मी लोहचुंबकाच्या गोष्टी सांगत होतो. वाटलं, तुला चांगली गाडी मिळाली, तू सावरायला शिकलीस, पास झालीस की मिटेल. मग तुझं नव्या जोडीचं पत्र आलं. तेव्हा एक ओळ लिहायची होती, 'मागे बसव'. लिहिली आणि फाडली, कारण तू का विचारलं असतंस. तुला खडीत जाऊ दिलं मी. याला क्षमा नाही, मागतही नाही.

तू काहीही चुकली नव्हतीस. तुझ्या हातांनी जे शक्य होतं ते केलं.

मामा

३ मे

मामा,

आठ महिने मला माझ्या हातांकडे बघवत नव्हतं म्हणून मी अंधारात जेवले. तुम्हाला ते माहीत होतं, मी लिहिलं नसलं तरी आईने सांगितलं होतं. मला वाटत होतं की चूक माझी असेल तर बरं, मी ती रोज थोडी थोडी दुरुस्त करीन. आता मी काय दुरुस्त करू? तुमच्यावर ओरडायचंय आणि तुम्ही समोर नाही. समोर असतात तरी नुसते ऐकत उभे राहिला असतात, आणि मला ते सहन झालं नसतं.

पण ते नंतर. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. वर्कशॉपमध्ये सगळे अजून तुम्हालाच विचारतात ना? यार्डात चौदा ॲम्ब्युलन्स आहेत. त्यांतल्या कितींना या क्षणी नवी जोडी पुढे आहे? प्रत्येकीच्या मागे कुणीतरी उभं असतं.

मला लिहू नका. आधी तिकडे जा. आज जा.

ठकी

१७ मे

ठके,

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. नऊ.

पाटीवर लिहिलं, 'नवी जोडी मागे. मी चुकीचं शिकवलं.' आताचा फोरमन माझ्याच हाताखाली तयार झाला. तो हसला, म्हणाला, 'मामा, गंमत करता काय?' मी तो कागद पुढे ठेवला, चहाच्या डागासकट. त्याने वाचला. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'म्हणजे त्या सिस्टर...?' मी मान हलवली. त्याने कागद परत दिला. मग जॅक घेऊन गेला. नऊ गाड्यांना तीन दिवस लागले, कारण एका वेळी एकच उभी ठेवता येते. मी पाने धरले, नट मोजले. मला कोणी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच.

खात्याला लेखी दिलंय, सही करून. चौकशी पुन्हा उघडतील. माझं वर्कशॉपमध्ये येणं बंद केलं, ते बरोबरच आहे. साहेबांना विचारलं की तुझी परीक्षा आता कशाला. ते म्हणाले, कागद वर जाऊन खाली यायला सहा महिने, परीक्षा नियमाप्रमाणे होईल. तेवढंही मला तुझ्यासाठी करता आलं नाही.

सिस्टरना पत्र लिहायला चार वेळा बसलो. 'ताई' लिहितो आणि पुढे जात नाही. तू त्यांना सांगशील का? तुझ्या तोंडून ऐकलं तर कदाचित सोपं जाईल.

मामा

२९ मे

मामा,

काल परीक्षा झाली. व्हॅनमध्ये बसण्याआधी मी चारही टायरांवरून हात फिरवला. परीक्षक बघत होते, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ओल्या जमिनीवर पहिल्यांदा मागची बाजू सुटली तेव्हा छातीत तसंच धस्स झालं जसं सप्टेंबरात झालं होतं. भीती झिजलेली नाही, मामा. ती आहे तशीच आहे. पण हात स्टिअरिंगवर होते. सहाच्या सहा वेळा पकडली. पास. सोमवारी सकाळी सातला ड्यूटी आहे.

व्हॅनमधून उतरले. आनंद व्हायला हवा होता. मी कडेच्या कठड्यावर बसून राहिले आणि मला फक्त हे आठवत होतं की लहानपणी तुम्ही मला पहिल्यांदा स्टिअरिंग धरायला दिलंत तेव्हा मी तुमच्या मांडीवर उशी ठेवून बसले होते. कुठे ठेवू हे सगळं? आईला अजून काही सांगितलेलं नाही. तेही तुमचं काम.

संध्याकाळी सिस्टरकडे गेले. या वेळी आत गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, 'नऊ महिने लावलेस यायला? मला वाटलं, मी ओझं झाले म्हणून तोंड चुकवतेस.' त्यांना कधीच माझी चूक वाटली नव्हती. त्यांना वाटत होतं, त्यांचीच. पट्टा न लावता उभ्या राहिल्या म्हणून. त्याही रोज रात्री तेच उगाळत होत्या. त्या भाबडेपणाने मला ते सांगत होत्या आणि तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

मी काही बोलले नाही. तुमच्या वतीने मी बोलणार नाही. सोपं जावं म्हणून तर मुळीच नाही. पण त्यांनी स्वतःला दोष देत राहावं हे मला चालणार नाही. मी त्यांना म्हटलंय, रविवारी माझे मामा येणार आहेत, त्यांना तुम्हाला काही सांगायचंय.

रविवारी दहाला मी गाडी घेऊन येते. दारात तयार राहा. पुढे माझ्या शेजारी बसू नका, मला अजून ते जमणार नाही. मागे बसा, ॲम्ब्युलन्समध्ये सिस्टर असायच्या तसे, आणि पट्टा लावा. मी हळू चालवीन.

ठकी